तालमीतला पोरींचा क्लास : सहा रविवार जाऊन आले, जसं आहे तसं लिहिते

काल सहावा रविवार झाला. आठ-दहा जणींनी विचारलं ताई क्लास कसा आहे, पोरीला पाठवू का, एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांब होईन पण पूर्ण वाचा, मधातलं सोडू नका.

आधी माहिती. बाया-पोरींना स्वतःचा बचाव शिकवणारा क्लास आहे, मुख्य म्हणजे कोणी खाली पाडलं तर कसं सुटायचं ते. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातल्या एका गावची जुनी तालीम आहे. क्लासला वेगळं नाव नाही, बोर्ड नाही, सगळे "तालमीतला पोरींचा क्लास" म्हणतात. दर रविवारी सकाळी सात ते दहा, सहा रविवार, फी पाचशे, एका घरच्या दोघी असल्या तर मिळून आठशे. मी आणि माझी पुतणी असे दोघी गेलो, ती बारावीत आहे. मी आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर (नर्स) आहे, वय बेचाळीस, वजन त्रेपन्न किलो, हे वजन काऊन सांगून राहिली ते पुढे कळेल. आमच्या बॅचमध्ये चौदा जणी होत्या, दोन आशाताई, एक बँकेत काम करणारी, कॉलेजच्या पोट्ट्या सात-आठ, आणि एक काकू ज्यांचं वय पंचावन्नच्या वर असंन, त्या वावरात एकट्या राखणीला जातात म्हणून आल्या होत्या.

शिकवतात दोघं जण. एक म्हातारे वस्ताद, सत्तरीचे, आणि त्यांची सून, तिला सगळे ताई म्हणतात. ताई ज्युदो खेळलेली, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेली. मंडळ म्हणजे तेच, १९१४ पासूनचं, ज्यांचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेले होते, वस्ताद ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगतात आणि सांगताना म्हाताऱ्याची मान ताठ होते. भिंतीवर हनुमानाचा फोटो, त्याच्या बाजूला खाशाबा जाधवांचा. खाली लाल मातीचा हौदा, पण बायांना हौद्यात उतरवत नाहीत, बाजूच्या खोलीत ज्युदोच्या गाद्या टाकलेल्या आहेत.

आता मी काऊन गेले ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय या क्लासची किंमत कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी तुरीच्या दिवसात लसीकरण आटपून घरी येत होते, अंधार पडायला आला होता, पांदण रस्ता, दोन्हीकडे डोक्याएवढ्या तुरी. एका माणसानं गाडी अडवली, ढकललं, मी धुऱ्यापाशी उताणी पडले आणि तो पोटावर येऊन बसला. मी ओरडले नाही. हातपाय हललेच नाहीत. दूर ट्रॅक्टरचा उजेड दिसला आणि तो उठून पळाला, एवढंच झालं. पण तीन वर्षं मी स्वतःलाच विचारत राहिली की मी काहीच काऊन केलं नाही, रोज एवढं बोलणारी बाई, गावभर पोलिओ डोसासाठी भांडणारी, आणि तिथं दगड झाली. मिस्टरांना सांगितलं, बाकी कोणालाच नाही. आता लिहून राहिली कारण क्लासमध्ये कळलं की चौदापैकी पाच जणींकडे अशी काही ना काही गोष्ट होती.

ताईनं पहिल्याच दिवशी हेच सांगितलं, कोणतीही पकड शिकवायच्या आधी. म्हणाली भीती हद्दीबाहेर गेली की अंग गोठते, आवाज निघत नाही, हे शरीर आपोआप करते, तिथं आपली मर्जी चालत नाही, आणि अंग गोठलं याचा अर्थ आपण तयार होतो असा होत नाही. मी हे ट्रेनिंगमध्ये वाचलेलं होतं, पेशंटला सांगितलेलं पण होतं, स्वतःला कधी लावलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना एसटीत रडली मी, पुतणी विचारत होती काकू काय झालं.

या क्लासच्या आधी मी एका दिवसाच्या एका शिबिराला जाऊन आली होती, कोणाचं ते लिहीत नाही. हॉलमध्ये दोनशे बाया, स्टेजवर एक जण हवेत बुक्क्या मारून राहिला, आपण खालून हवेत बुक्क्या मारायच्या, मग प्रमाणपत्र, मग फोटो. सगळं उभ्यानं. उभं राहून समोरच्याच्या डोळ्यात बोट घालायचं, गुडघा मारायचा, ठीक आहे, पण बाईला पहिले पाडतात ना, आणि पाडल्यावर काय हे तिथं कोणी एका शब्दानंही बोललं नाही. या क्लासमध्ये सहापैकी चार रविवार आपण खालीच असतो. मला हेच पाहिजे होतं.

वस्तादांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, "पोरी, कुस्तीत पाठ लागली का खेळ खतम, इथं पाठ लागली का खेळ चालू होते." आणि खरंच पहिल्या रविवारी गादीवर पाठ टेकवून पडायलाच शिकवलं, हनुवटी छातीकडे घेऊन म्हणजे डोकं आपटत नाही, दोन्ही हातांनी गादीवर थाप मारून, चार-पाच तास नुसतं हेच करायला लागलं तरी मी केलं असतं इतकं बरं वाटलं, कारण पडायचीच भीती अर्धी कमी झाली.

दुसऱ्या रविवारी मुख्य डाव. ताईनं जोड्या लावल्या आणि मुद्दाम हलकीच्या अंगावर जड बाई बसवली, माझ्यावर अठ्ठ्याहत्तर किलोची बँकवाली. बसली की माझा श्वास अडकला आणि ते पांदण रस्त्याचं सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. ताईला आधी सांगून ठेवलं होतं, तिनं लगेच थांबवलं, दोन मिनिटं बसू दिलं, पाणी दिलं आणि विचारलं पुन्हा करायचं का आज राहू द्यायचं. जबरदस्ती नाही. ज्यांच्यासोबत काही घडलेलं आहे त्यांनी जायच्या आधी तिला एकटीत सांगून ठेवा, ती नीट सांभाळून घेते.

डाव असा आहे. तो आपल्या पोटावर बसला, त्याचे गुडघे आपल्या दोन्ही बाजूला. आपण पहिले काय करतो, दोन्ही हात ताणून त्याची छाती वर ढकलतो. ताईनं प्रत्येकीला तसं करूनच पाहू दिलं. कोणीच हलवू शकली नाही, अर्ध्या मिनिटात हात भरून आले, वरून सरळ झालेला हात त्याला धरायला-मुरगाळायला सोपा. मग वस्ताद म्हणाले, सोयाबीनचा कट्टा अंगावर पडला त तू हातानं उचलशील का, कमरेनं लोटशील ना. तिथून सगळ्यांना कळलं.

कोपरं बरगडीला चिकटवून ठेवायची. तळपाय जमिनीवर, टाचा जितक्या जमतील तितक्या कुल्ल्याकडे ओढून घ्यायच्या, यातच अर्धी ताकद आहे. त्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांनी धरून छातीशी आवळायचा, एक हात मनगटावर आणि एक कोपराच्या वर. मग त्याच बाजूच्या आपल्या पायानं त्याचा पाय बाहेरून अडकवायचा. लक्षात घ्या, हात आणि पाय एकाच बाजूचे, उजवा हात धरला आणि डावा पाय अडकवला तर काही होत नाही, मी तीनदा तेच चुकवलं. आता त्या बाजूला त्याला टेकायला काहीच राहिलं नाही. मग कंबर जोरात वर, जणू पूलच केला, आणि सरळ वर नाही, ज्या बाजूचा हात धरला त्या खांद्यावरून तिरपं, मान पण तिकडेच वळवायची. बैलगाडीचा एका बाजूचा टेकू काढला की गाडी कशी लवंडते तसा माणूस लवंडते. अठ्ठ्याहत्तर किलोची बाई माझ्यावरून बाजूला पडली. मी. त्रेपन्न किलो. हॉलमधल्या सगळ्या जणी ओरडल्या.

पण एका गोष्टीवर ताई लय कडक आहे. लवंडवल्यावर आपण त्याच्या वर येतो, आणि सगळ्यांना तिथं बसून मारावंसं वाटते. ती लगेच ओरडते "उठ आणि पळ!" कारण त्याचे पाय आपल्या कमरेभोवती येऊ शकतात, त्याचा दुसरा साथीदार येऊ शकते, आणि आपल्याला जिंकायचं नाही, घरी जायचं आहे.

आणि हा डाव नेहमीच बसते असंही नाही. त्यानं हात दूर पसरून टेकले, किंवा छातीवर पार वर सरकून बसला, तर नुसत्या कमरेच्या झटक्यानं तो पडत नाही. त्यासाठी दुसरा आहे, त्याला ताई "झिंगा" म्हणते. कुशीवर व्हायचं, कोपर त्याच्या गुडघ्याच्या आतून दाबून जागा करायची, एक पाय जमिनीवर रोवून कंबर मागे सरकवायची, झिंगा कसा अंग आखडून मागे जाते तसं, आणि झालेल्या जागेतून आपला गुडघा आत घालायचा, मग दुसरा. एकदा पाय मधात आले की तळपाय त्याच्या कमरेवर ठेवून लोटून द्यायचं. माझ्या मते सगळ्यात कामाचं हेच आहे आणि सगळ्यात कंटाळवाणं पण हेच, तिसऱ्या रविवारी दीड तास नुसतं गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झिंगा, दुसऱ्या दिवशी मला डिलिव्हरी केसला उभं राहता येत नव्हतं इतकी कंबर धरली. पण कोणत्याही पोरीनं हा रविवार चुकवू नये.

उठायचं पण वेगळं शिकवतात. आपण पुढं वाकून दोन्ही हात टेकून उठतो, तिथं तोंडावर लाथ बसते. एक हात मागे टेकायचा, एक पाय समोर ढालीसारखा, आणि दुसरा पाय खालून मागे काढून उभं राहायचं, नजर त्याच्यावरच. पंचावन्नच्या काकूंना हे गुडघ्यांमुळे जमत नव्हतं तर ताईनं त्यांना कुशीवर होऊन भिंतीच्या किंवा झाडाच्या आधारानं उठायचं वेगळं दाखवलं. हे मला आवडलं.

ताईच्या म्हणण्याप्रमाणे हे जपानी ज्युदोतून आलेलं, जिगोरो कानो नावाच्या गुरुजींनी १८८२ मध्ये सुरू केलेला, आणि त्यांच्याच शाळेतला माएदा नावाचा पैलवान १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, तिथं ग्रेसी घराण्यानं त्याच्याकडून शिकून जमिनीवरचे डाव वाढवले. त्यांच्यातला हेलिओ ग्रेसी अंगानं किरकोळ होता म्हणून ताकद कमी लागेल असे डाव त्यानं घासूनपुसून घेतले. पुतणीला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं कॉलेजमध्ये सांगितली.

पालथं पडल्यावर काय, यावरून सासऱ्या-सुनेत जे झालं ते पण लिहिते, कारण त्यात शिकायला आहे. कुस्तीवाला चित होऊ नये म्हणून झटकन पालथा होते, पालथा झाला की पाठ लागत नाही, तो वाचला. वस्तादांच्या अंगात पन्नास वर्षांचं तेच, म्हणून ते एका पोट्टीला म्हणाले पालथी हो. ताई म्हणाली बाबा नाही, इथं पालथं झालं की मान त्याच्या हातात जाते, त्याचे हात दिसत नाहीत, लाथ मारता येत नाही. वस्ताद थोडा वेळ गप्प बसले आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाई बरोबर हाय, तिचं ऐका." सत्तर वर्षांचा वस्ताद सुनेसमोर असं म्हणते, मला तर तिथंच त्यांच्याबद्दल आदर वाटला. पालथं पडलोच तर हनुवटी खाली, एक हात मानेवर, कोपर-गुडघ्यावर यायचं आणि कुशीवर होऊन पाय मधात आणायचे, असं शिकवलं.

गळा. यावर मला ताईनं दहा मिनिटं बोलायला सांगितलं कारण हा माझा विषय. छातीवर बसून दोन्ही हातांनी गळा दाबला तर मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दबतात आणि दहा-पंधरा सेकंदांतच माणूस बेशुद्ध होऊ शकते, म्हणून बाकी सगळं नंतर, गळा पहिले. हनुवटी खाली खांदे वर, आपले हात आकड्यासारखे करून त्याची मनगटं अंगठ्याच्या बाजूनं खाली खेचायची, आणि खेचलेला हात सोडायचा नाही, छातीशी आवळून तिथूनच कंबर मारायची. आणि सुटल्यावर घरी जाऊन झोपू नका. बाहेरून एक वळसुद्धा नसला तरी आत सूज येऊ शकते, कधी काही तासांनी. आवाज बसला, गिळताना दुखलं, दम लागला, डोळ्यात लाल ठिपके दिसले, चक्कर आली, तर लगेच दवाखाना, आणि डॉक्टरला "गळा दाबला होता" असं स्पष्ट सांगायचं, पडली-बिडली सांगायचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या किती बाया पडली म्हणून सांगतात ते मला माहीत आहे.

पाचव्या रविवारी रोजचे कपडे घालून बोलावलं. ही कल्पना मला सगळ्यात जास्त पटली. मी साडीत, पोट्ट्या पंजाबी ड्रेसमध्ये, काकू नऊवारीत, त्यांचं कासोट्यामुळे उलट सगळ्यात बरं चाललं. पाचवारीत पाय उघडतच नाही, अडकवायचा कसा, तर पहिले निऱ्या एका मुठीत वर ओढायच्या, लाज मग पाहू. ओढणी गळ्यात दोन्ही टोकं मागे टाकून घेतो ना, तो तर तयार फासच आहे, एकट्या रस्त्यानं जाताना ती काढून पिशवीत टाका किंवा एकाच खांद्यावर ठेवा.

त्याच दिवशी ओळखीच्या माणसाबद्दल बोलणं झालं. पोलिसांच्या नोंदी पाहिल्या तर बलात्काराच्या बहुतेक केसमध्ये आरोपी ओळखीचाच निघते, पांदण रस्त्यावरचा अनोळखी कमी. आणि ओळखीच्यावर हात उचलायला आपला हात उठत नाही, दाजी आहे, सर आहे, घरमालक आहे. म्हणून एकमेकींच्या डोळ्यात पाहून "नाही, हात काढा" असं पूर्ण आवाजात म्हणायचा सराव घेतला. माझ्या पुतणीला कंबर मारणं पहिल्या दिवशी जमलं पण हे म्हणायला तिला चार वेळा लागले. ताईनं कॅनडातला एक अभ्यास सांगितला, तिथल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली, अर्ध्यांना १२ तासांचं असं ट्रेनिंग, ज्यात हे ओळखीच्या माणसाचं मुख्य होतं, आणि बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ट्रेनिंगवाल्यांमध्ये ५.२ टक्के आणि दुसऱ्यांमध्ये ९.८ टक्के. २०१५ मध्ये छापून आलेलं आहे. म्हणजे जवळजवळ अर्धं. जे म्हणतात बायांनी शिकून काय होते, त्यांना हा आकडा सांगा. आणि त्यासोबत ताई हेही म्हणाली की शिकलेली असो नसो, चूक करणाऱ्याचीच.

कायद्यासाठी एक वकील मॅडम आल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि बलात्काराच्या किंवा जीव घेण्याच्या इराद्यानं हल्ला असला तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचावच धरला जाऊ शकते, कलम ३८. पण धोका संपल्यावर, तो पळून राहिला आणि आपण मागून दगड घातला, तर ते बचावात बसत नाही. "उठ आणि पळ" इथं पण लागू. ११२ (पोलिसांची तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये तिथंच सेव्ह करून घेतले.

आता जे आवडलं नाही. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही, एक जण बाहेर उभी राहायची, बायांच्या क्लासला हे शोभत नाही, मी दोनदा सांगितलं, सहाव्या रविवारी पण तसंच. गाद्या चौदा जणींना पुरत नाहीत, अर्ध्या जणी उभ्या राहतात आणि तेवढा सराव बुडते. चाकूचं शेवटच्या दिवशी पाऊण तासात उरकलं, त्यापेक्षा नसतं शिकवलं तरी चाललं असतं, पोट्ट्यांना वाटून राहिलं की आता चाकू पण हिसकावता येते, आणि हा गैरसमज जीवावर बेतू शकते. एक जण मागून पकडते आणि दुसरा समोर, याच्यावर काहीच नाही. वस्ताद कधी कधी "बाईच्या जातीनं" असं काही बोलून जातात, वयाचा भाग आहे, ताई लगेच थांबवते, पण पोट्ट्यांना खटकते. आणि सहा रविवार कमीच आहेत, घरी सराव नाही केला तर महिन्यात विसरायला होते. आम्ही दोघी रात्री जेवण झाल्यावर चटईवर दहा मिनिटं करतो, मिस्टर वर बसतात, त्यांचं वजन ब्याऐंशी, आधी ते घाबरत होते मला लागेल म्हणून, आता पूर्ण जोर लावतात.

पाठदुखी, गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदर असाल तर आधी सांगा, गरोदर बाईला ताई घेतच नाही आणि ते बरोबर आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कडीसाठी कापला. पुढची बॅच पोळा झाल्यावर पहिल्या रविवारी सुरू होऊन राहिली, नाव तालमीत जाऊनच लिहावं लागते, फोनवर घेत नाहीत. पायजमा आणि जाडसर टी-शर्ट आणा, केसाला क्लिप लावू नका, बांगड्या घरी ठेवा, पाण्याची बाटली आपली आपली. सव्वासहाची एसटी पकडली तर वेळेवर पोचता. मी आणि पुतणी सरावाला पुन्हा येणारच आहे, ज्यांना एकटीला यायची हिंमत होत नाही त्यांनी स्टँडवर आमच्यासोबत बसा.